आकाशकंदिलावर कृत्तिकांचे दीप

आश्विन अमावास्येस सूर्य आणि चंद्र आकाशात एकाच दिशेला असतात. त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या रात्री चांदणे नसते. पावसाळी ढगही बहुधा ओसरलेले असतात आणि तारे तेजाने झळकतात. अशा रात्री दारी टांगावयाच्या दिव्याला आपण आकाशकंदील म्हणतो. मात्र तो आता बाजारातून तयार येतो. मुलांचे हात त्याला लागत नाहीत, आणि ज्या आकाशाचे नाव तो धारण करतो त्याकडे त्यांची दृष्टीही वळत नाही. यंदाचा कंदील मुलांकडून करवून घ्यावा व त्यावर नक्षत्रे उमटवावीत, असे आम्हांस वाटते.

वीतभर लांबीच्या 12 बांबूच्या कामट्या दोऱ्याने बांधून चौकोनी सांगाडा करावा. चार बाजूंसाठी जाड काळा कागद घेऊन त्याच्या दर्शनी अंगावर तारकांच्या जागा खडूने मांडाव्यात. मागून मांडल्यास आकृती उलटी दिसते. मग दाभणाने छिद्रे पाडावीत. ठळक ताऱ्यास मोठे, मंद ताऱ्यास बारीक. आतून पांढरा पतंगी कागद खळीने चिकटवावा. खाली झिरमिळ्या सोडाव्यात. आत पणती न ठेवता लहान एलईडी दिवा लावावा.

पूर्वेच्या बाजूस कृत्तिकांचा 6 तारकांचा झुबका, उत्तरेस शर्मिष्ठेच्या नागमोडी 5 तारका, पश्चिमेस श्रवणाच्या एका ओळीतील 3, त्यांतील मधली ठळक. दक्षिणेस मृग: चार कोपऱ्यांत चार व मध्ये तिरप्या रेषेत तीन. पहिली तीन नक्षत्रे दिवाळीत रात्री आठच्या सुमारास त्या त्या अंगास दिसतात. मृग मात्र अभ्यंगस्नानाच्या पहाटे नैर्ऋत्येकडे शोधावा.

यांत कृत्तिकांचा मान विशेष. तैत्तिरीय संहितेतील नक्षत्रांची गणना त्यांच्यापासूनच सुरू होते. त्यांची देवता अग्नी. कार्तिकेयाचे संगोपन करणाऱ्या सहा माताही त्याच. कंदिलाच्या सहा छिद्रांतून प्रकाश पाझरू लागला की ही कथा मुलांना अवश्य सांगावी.

पूजा आटोपल्यावर घरातील दिवे तेवत ठेवून बाहेरचा कंदील पाच मिनिटे मालवावा व मुलांना गच्चीवर न्यावे. शहराच्या झगमगाटात डोळे स्थिरावण्यास थोडा अवधी लागेल. पण पूर्वेला तो झुबका सापडला, की आपण टोचलेली छिद्रे कशाची, हे त्यांस उमजेल. पुढे पंधरवड्याने, त्रिपुरी पौर्णिमेस, पूर्णचंद्र याच कृत्तिकांच्या आसपास असेल. कार्तिक मासास ते नाव का पडले, हे मग मुलांना कोणी शिकवावे लागणार नाही.