भीमेच्या काठची राजपीठे

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी भीमा सोलापूर जिल्ह्यातील पर्जन्यछायेच्या, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या, प्रदेशातून आग्नेयेकडे वाहत जाते आणि पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. पाणी आणि रब्बी ज्वारीची काळी जमीन या खोऱ्यात एकत्र सापडत असल्यामुळे येथे सत्ता उभारणाऱ्यांना भीमेचा आसरा घ्यावा लागला. तुलनेसाठी पाहिले तर मलेशियातील पेराक नदीच्या काठचे क्वाला कांग्सार हे आजही सुलतानाचे राजनगर आहे. भीमेकाठी मात्र राजवटी एकामागून एक मावळल्या आणि त्यांचा वारसा मुख्यतः देवालये, घाट व शिलालेख यांच्या रूपाने उरला.

या वारशाचा प्राचीन पुरावा दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथे, भीमा आणि सीना यांच्या संगमावर आहे. तेथील संगमेश्वर मंदिरातील शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८, चा लेख कालोल्लेख असलेल्या सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत गणला जातो, तर शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराच्या परिसरात ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांच्या संशोधनामुळे या स्थळाचे महत्त्व अभ्यासकांसमोर आले.

मंगळवेढे हे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेल्या कलचुरी घराण्याचे ठाणे होते, आणि याच घराण्यातील बिज्जलाने बाराव्या शतकाच्या मध्यास आपल्या स्वामींचीच सत्ता बळकावली. असे असले, तरी आजचे मंगळवेढे ओळखले जाते ते परंपरेनुसार दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली करणाऱ्या संत दामाजीपंतांच्या नावाने. याच तालुक्यात भीमेकाठी माचणूर आहे. लगतच्या ब्रह्मपुरी येथे औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात होती; हिंदुस्थानाच्या बहुतेक भागावर हुकूमत असलेल्या बादशहाला मराठ्यांशी लढताना येथे चार वर्षे मुक्काम ठोकावा लागला. त्याच्या माचणूरच्या किल्ल्यात आज दरबार नाही, पण जवळच्या सिद्धेश्वर मंदिराची पूजा अखंड सुरू आहे.

नदीने चंद्रकोरीसारखे वळण घेतल्यामुळे जेथे भीमेला चंद्रभागा म्हणतात, त्या पंढरपुरात सत्ता मावळते आणि देवस्थान उरते हे सूत्र सर्वांत स्पष्ट दिसते. विठ्ठल मंदिरातील चौऱ्यांशीचा शिलालेख यादव राजा रामचंद्राच्या काळातला, इ. स. १२७३ ते १२७७ दरम्यानचा असून त्यात देवस्थानाला मिळालेल्या देणग्यांची नोंद आहे. पुढे होळकर आणि शिंदे या घराण्यांनी येथे वाडे, मंदिरे व घाट बांधले. सत्ताधीशांना येथे राज्य करायचे नव्हते, तर वारकऱ्यांच्या पंक्तीत आपले स्थान मिळवायचे होते. तथापि विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडे नव्हते, आणि ते उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले.

आषाढी-कार्तिकीला येणारा यात्रेकरू पंढरपूर पाहून परततो आणि कुडल, मंगळवेढे व माचणूर त्याच्या वाटेबाहेर राहतात. ही स्थळे एकाच नदीच्या इतिहासाची प्रकरणे असल्यामुळे त्यांची जपणूकही एकत्रच व्हायला हवी: प्रत्येक ठिकाणी लेखांचा मराठीत वाचता येईल असा अर्थ लावलेला असावा, घाटांची दुरुस्ती मूळ दगडी बांधणी राखून व्हावी, आणि चारही ठिकाणे जोडणारी एक यात्रा सोलापूरच्या शाळांनी दरवर्षी काढावी.