फेराच्या आतला नाद

वडोदऱ्याच्या जुन्या पोळांत, म्हणजे गल्लीवजा वस्त्यांत, नवरात्रात रंगणारा शेरी गरबा हा सराउंड साउंड समजून घेण्याचा सर्वांत सोपा नमुना म्हणता येईल. मध्यभागी दिवा तेवणारा सच्छिद्र घट, त्याभोवती फेर धरलेल्या स्त्रिया, एकीने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, अशी त्याची रीत असल्यामुळे फेरातल्या प्रत्येकीला सूर आणि टाळ्या समोरून, दोन्ही अंगांनी आणि पाठीमागूनही ऐकू येतात. आवाजाने वेढले गेल्याची हीच जाणीव होम थिएटरमध्ये मोजक्या स्पीकरांकडून साधायची असते.

आवाजाची दिशा कळते ती मुख्यतः तो एका कानाला दुसऱ्याच्या आधी आणि किंचित मोठा पोहोचल्यामुळे, आणि वेळेतला हा फरक फार तर सेकंदाचा दीड हजारावा भाग असतो. नेमका समोरचा आणि नेमका पाठीमागचा आवाज मात्र दोन्ही कानांना एकदमच गाठतो, म्हणून मान न हलवता त्यांतला भेद ओळखणे अवघड जाते. उलट, बाजूने येणारा आवाज दोन्ही कानांत वेगवेगळा पडतो आणि वेढल्याची भावना त्यानेच अधिक गडद होते. पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर अशा ५.१ मांडणीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने पुढचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर, तर ‘मागचे’ म्हणवले जाणारे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या जरासेच मागे, सुचवले आहेत ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वडोदऱ्याच्याच दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घराच्या लांबट खोलीत सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असला की हे अंश जुळत नाहीत, आणि मग स्पीकर कितीही भारी घेतले तरी पावसाची सर टीव्हीच्या आसपासच पडत राहते. (विक्रेत्याच्या तोंडी अंशांपेक्षा वॅटचेच आकडे अधिक असतात, हे खरे.)

मोठ्या मैदानावरच्या गरब्यात कोनापेक्षा वेळ महत्त्वाची ठरते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे ३४ मीटर दूरच्या मंचावरचा ढोल सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो. जवळच्या खांबावरचा स्पीकर तोच ठोका आधी ऐकवत असेल तर एका टाळीच्या दोन टाळ्या होतात. यावर उपाय म्हणून दूरच्या खांबांवरचा आवाज अंतराच्या हिशेबाने मुद्दाम थोपवून सोडतात, कारण जर्मन संशोधक हेल्मुट हास याने १९४९ साली दाखवल्याप्रमाणे अगदी थोड्या अंतराने आलेले दोन सारखे आवाज कान एकच मानतो आणि आधी आलेल्याच्या दिशेने ऐकतो. तथापि फेर फिरता असतो, खेळणारी एका खांबाकडून दुसऱ्याकडे सरकत राहते, आणि एका जागेसाठी अचूक लावलेला विलंब पुढच्या काही पावलांत चुकू लागतो. पोळातल्या फेरात ही अडचण येत नाही, कारण तिथे टाळी वाजवणारी शेजारीण हातभर अंतरावरच असते.