एकाच फोटोच्या तीन प्रती: प्लग-इन त्या कशा ओळखतो?

कासच्या पठारावरचा फुलांचा हंगाम ओसरला की सातारा-सांगलीकडच्या हौशी फोटोग्राफरांच्या संगणकावर फोटोंची गर्दी होते. 'सीतेची आसवे' या फुलाचा एकच फोटो तीन रूपांत सापडतो: कार्डवरून दोनदा उतरवलेली मूळ फाइल, रंग सुधारून काढलेली जेपीईजी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली बारकी प्रत. प्रत्येकीला ओळखायची रीत वेगळी.

मूळ फाइल दोनदा उतरली असेल तर काम सोपे. सॉफ्टवेअर फाइलमधल्या सगळ्या माहितीवरून एक सांकेतिक आकडा काढते. नाव बदलले तरी आकडा तोच राहतो. फोटोत किंचित फेरफार केला की तो पार बदलतो.

सुधारलेल्या प्रतीसाठी फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या एक्झिफ नोंदी कामी येतात. लाइटरूम क्लासिक या फोटो सॉफ्टवेअरचा 'टीकेसेलशेन' हा मोफत प्लग-इन फोटो काढल्याची वेळ, कॅमेरा अशा नोंदी ताडून पाहतो. फाइल मेनूतल्या प्लग-इन मॅनेजरमधून तो जोडायचा. जुळणारे फोटो तो एका कलेक्शनमध्ये गोळा करतो. मात्र एकाच सेकंदात सलग टिपलेल्या फ्रेम त्याला एकच वाटू शकतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना या नोंदी सहसा गळून पडतात. तिथे चित्रच तपासावे लागते. एक सोपी पद्धत अशी: फोटो कृष्णधवल करून ८ × ८, म्हणजे ६४ चौकटींइतका लहान करायचा. सरासरीपेक्षा उजळ चौकटीला १, गडद चौकटीला ०. दोन फोटोंच्या ६४ अंकांत फरक जितका कमी, तितके ते सारखे. डिजिकॅम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्रांचे असे ठसे जुळवण्याची सोय आतच आहे, फक्त गणित वेगळे. साम्याची टक्केवारी आधी चढी ठेवावी, मग हळूहळू उतरवावी.

वाऱ्याने हललेले फूल आणि स्थिर फूल या पद्धतीला सारखीच दिसतात. म्हणून पुसण्यापूर्वी दोन्ही फोटो पूर्ण मोठे करून पाहा आणि जास्त पिक्सेलची, नोंदी शाबूत असलेली प्रत ठेवा.

बॅकअपच्या डिस्कवरची प्रत मात्र नक्कल समजू नका. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले होते; अशा वेळी घरातला संगणक आणि बॅकअपची डिस्क दोन्ही बुडू शकतात. लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये फोटो एकदाच असू द्या. पण त्याची एक प्रत दुसऱ्या गावी, भरवशाच्या माणसाकडे जरूर ठेवा.