चंपाषष्ठीनंतरची रातातुई

माझी पहिली रातातुई आषाढात फसली. शाळेत सव्वीस वर्षं फ्रेंच शिकवलं, आठवी ते दहावीच्या मुलांकडून तिकडच्या चार ऋतूंची नावं घोकून घेतली, पण त्या भाषेतला एक पदार्थ कधी हाताने रांधला नव्हता. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात हौस आली. रातातुई म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहराकडची वांगी, टोमॅटो, भोपळी मिरची, कांदा आणि झुकिनीची भाजी. तिकडे ती जुलै-ऑगस्टच्या उन्हाळ्यात करतात, म्हणून मीही जुलैच धरला. वाशीत बाहेर पाऊस कोसळतोय, टोमॅटो महाग नि पाणचट, वांग्यांत कीड, मॉलमधून आणलेली झुकिनी दोन दिवसांत बुळबुळीत. कढई उतरवली तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘‘कांदेनवमी होऊन आठ दिवस झाले गं.’’ आमच्याकडे चातुर्मासात कांदा-वांगं बंद, वांगं तर थेट चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत झाल्यावरच. ती रातातुई मी एकटीने तीन दिवस खाल्ली.

खाता खाता एक गोष्ट डोक्यात शिरली. नीसची बाई जुलैत रातातुई करते, कारण तेव्हा तिच्या मंडईत वांगी-टोमॅटोचे ढीग लागलेले असतात. आपल्याकडे तसे ढीग मार्गशीर्ष-पौषात लागतात. मी तिचा महिना उचलला होता, मंडईत जायचं विसरले होते.

फ्रेंचांनी एकदा हे प्रकरण फारच मनावर घेतलं होतं. राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये त्यांनी नवं पंचांग काढलं. महिन्यांना धुकं, पाऊस, फळं यांवरून नावं दिली आणि रोजच्या तारखेवरून संतांना हटवून तिथे भाज्या, फुलं, जनावरं, अवजारं बसवली. नेपोलियनने १८०५ संपता संपता ते गुंडाळलं. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘आम्ही कांद्याला नवमी दिली, पण देव नाही काढले.’’

आता आमच्याकडे रातातुई चंपाषष्ठीनंतर होते. झुकिनी मी आणत नाही, कोवळा दुधी घेते. सगळं एकदम कढईत लोटायचं नाही, एवढं पथ्य मात्र पाळावं. वांगं, मिरची, दुधी वेगवेगळं तेलावर परतून घ्यायचं, कांदा-टोमॅटो-लसणाचा रस आटवायचा आणि मग सगळ्यांची गाठ घालून मंद आचेवर वीस मिनिटं ठेवायचं. फ्रेंच लोक यात थाइम घालतात. थाइमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो तेच आपल्या ओव्यात असतं, म्हणून मी चिमूटभर ओवा चुरडून घालते. चिमूटभरच. चमचा घातलात तर पोटदुखीच्या काढ्याची आठवण येईल. दुसऱ्या दिवशी ही भाजी जास्त मुरते आणि भाकरीबरोबर उत्तम लागते.

दोन्हीकडचे महिने जुळतात ते जूनमध्ये. लिमूझँ प्रांतात तेव्हा चेरी घालून क्लाफुती करतात. शंभर ग्रॅम मैदा, तेवढीच साखर, तीन अंडी, पाव लिटरहून थोडं जास्त दूध, हे पातळ मिश्रण फळांवर ओतून भाजायचं. चेरीच्या बिया मुद्दाम काढत नाहीत. मी जांभळं घालते, बियांसकट. रंग भयंकर दिसतो, चव छान लागते.

पण माझा खरा जीव कांद्याच्या सुपावर. पॅरिसच्या मध्यावर ‘ले आल’ नावाची मोठी मंडई होती. रात्रभर ओझी वाहून दमलेले तिथले हमाल पहाटे हे सूप पीत. १९६९ मध्ये ती मंडई शहराबाहेर रँजिसला हलवली. त्याच वर्षी महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. आणि ऐंशीच्या दशकात मुंबईचा कांदा-बटाटा बाजारही असाच शहरातून उठून आमच्या वाशीत आला. आमचे हे तिथल्या एका गाळ्यावर हिशेब लिहायचे. त्यामुळे कांद्याच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचा.

त्यांचं म्हणणं, या सुपाला पावसाळ्यानंतर येणारा पोळ कांदा चालत नाही, त्यात पाणी फार. चाळीत राहिलेला, जाड सालीचा उन्हाळ कांदा हवा. डोळ्यांतून पाणी काढणारा कांदा गोड कसा होईल, असं मला वाटायचं. पण तिखट कांद्यातही साखर भरपूर असते, फक्त ती तिखटाखाली दबलेली असते. मंद आचेवर तिखटपणा निघून जातो आणि साखर वर येते. एक किलो कांदा उभा पातळ चिरा, पन्नास ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ, जाड बुडाचं पातेलं. पाऊण तास ते एक तास लागतो. तोवर कांद्याचा ढीग दोन वाट्यांवर येतो आणि रंग गुळासारखा होतो. गॅस मोठा केलात तर कडा करपतात नि सूप कडू होतं. मी दोनदा केलंय. मग चमचाभर कणीक परतून सव्वा लिटर पाणी. फ्रेंच यात गोमांसाचं पाणी घालतात. मी पुरणाच्या डाळीचा कट घालते, त्याने तसाच दाटपणा येतो. वर कडक पावाचा तुकडा आणि किसलेलं चीज ठेवून भट्टीत तांबूस करायचं. लादीपाव नको, त्याचा लगदा होतो.

आमचे हे त्याला अजूनही कांद्याची आमटी म्हणतात आणि भात मागतात.