नाथसागराचा काठ

मराठवाड्याला समुद्र नाही. तरीही पैठणच्या जलाशयास लोकांनी एकनाथांच्या नावाने 'नाथसागर' म्हटले, यात केवळ भाविकपणा नाही. भरल्या पाण्यात त्याचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो आणि धरणाजवळ उभे राहून पाहिले असता समोरचा काठ दिसत नाही. (धरणास मात्र 'जायकवाडी' हे नाव बीड जिल्ह्यातील ज्या गावावरून मिळाले, तेथे ते बांधलेच गेले नाही, जागा बदलली, नाव राहिले.) १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले आणि १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य ठरला.

छत्रपती संभाजीनगरहून नगर रस्त्याने कायगाव टोक्यापर्यंत गेले, की प्रवरा आणि गोदावरी यांच्या संगमापाशी हा सागर सुरू होतो. बिडकीन, ढोरकीनवरून पैठणला गेले, की त्याची भिंत लागते. मधल्या काठाला धरून जाणारा मोठा रस्ता नाही. कोकणातील सागरी महामार्गाच्या धर्तीवर येथेही तसा रस्ता व्हावा, असे कोणास वाटले तर नवल नाही. परंतु समुद्राचा किनारा आणि हा काठ यांत मोठा भेद आहे. हा काठ एका जागी राहत नाही. हिवाळ्यापासून पाणी ओसरू लागते, तसतसा तो आत सरकतो आणि मागे उथळ पाणी व चिखल उरतो. रोहित पक्षी चोच उलटी बुडवून अन्न गाळून घेतात ते त्या उथळ पाण्यात. चक्रवाक आणि पट्टकादंब उतरतात तेही तेथेच. आणि त्याच ओलीवर शेतकरी गाळपेर करतो. शंभराहून अधिक गावांना या धरणाची झळ पोहोचली, हे ध्यानी घेतले म्हणजे गाळपेरीच्या त्या पट्ट्याची किंमत कळते. रुंद रस्ता, दिवे आणि उपाहारगृहे यांनी काठ एकदा बांधून टाकला, तर पक्षी आणि पेरणी दोहोंची जागा जाईल.

तेव्हा आहेत त्या गाववाटाच पुरेशा आहेत. शाळांच्या सहली नाथांची समाधी व धरण पाहून परततात. त्यांनी थंडीतल्या एखाद्या सकाळी पिंपळवाडीच्या बाजूला पाण्यापासून अंमळ दूर, गाणी न लावता, तासभर थांबावे. दुर्बीण एक असली तरी वर्गाला पुरते.