फिरत्या ग्रंथालयाच्या पायऱ्या

आमच्या शाळेचा जुना ट्रक फिरते ग्रंथालय म्हणून पंचक्रोशीत जाऊ लागला, तेव्हा पुस्तकांची निवड, कपाटे, दिवे या साऱ्यांचा विचार आम्ही केला होता. वाचक आत कसा येईल, हा प्रश्न मात्र आमच्या ध्यानात आला नाही. हौद्याचा तळ जमिनीपासून 110 सेंटिमीटर उंच. मुले चाकावर पाय देऊन चढली. नऊवारीतल्या एका आजींना दोघांनी धरून वर घेऊ पाहिले, तेव्हा त्या मागे सरल्या. "राहू दे बाळा, पुस्तकच खाली दे," एवढेच म्हणाल्या. ग्रंथालय दाराशी नेऊन वाचकाला बाहेरच उभे केले, ही बोच आम्हांस स्वस्थ बसू देईना.

फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या साह्याने आम्ही आत सरकणारा जिना तयार केला. त्याची रचना येथे देतो.

उंचीचे पाच समान भाग केले. प्रत्येक चढ 22 सेंटिमीटरांचा. चढ असमान असले की पाय अडखळतो. वरची एक पायरी ट्रकच्या मागील बाजूस कायम बसवली. उरलेल्या तीन पायऱ्यांचा जिना हौद्याखालच्या लोखंडी चौकटीत खणासारखा सरकतो. बाहेर ओढला की बिजागरीवर खाली उतरतो. बाजूच्या पट्ट्यांना पायऱ्या अशा कोनात जोडल्या, की जिना 45 अंशांत टेकल्यावर त्या जमिनीशी समांतर राहतात. पायऱ्यांसाठी चेकर्ड प्लेट वापरली. पावसातही पाय घसरत नाही. चौकटीला जागा करण्यासाठी स्टेपनी बाजूला हलवावी लागली.

पहिल्या प्रयत्नात आम्ही जिना अधांतरी ठेवला. सारा भार सरकपट्ट्यांवर आला आणि त्या वाकल्या. भार जमिनीनेच पेलला पाहिजे, हा धडा मिळाला. मग जिन्याला पाय दिले. गावची जमीन सपाट नसते, म्हणून 40 मिलिमीटरच्या चौकोनी पाइपात 30 मिलिमीटरचा पाइप घालून अडीच-अडीच सेंटिमीटरवर भोके पाडली. पिन बदलली की पायाची उंची बदलते. चौकट चॅसीला वेल्ड केली नाही, क्लॅम्पने आवळली. वेल्डिंगच्या उष्णतेने चॅसीचे पोलाद दुर्बल होते. शेवटी एकेका पायरीवर धान्याची 50 किलोंची तीन पोती ठेवून पाहिली, तेव्हा कुठे माणसांना चढू दिले.

दोन नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. चाकांना ठोकळे लावल्याशिवाय जिना काढायचा नाही. आणि जिना बाहेर असेपर्यंत ट्रकची किल्ली त्याच्याच कठड्याला टांगायची. किल्ली घ्यायला चालकाला मागे यावेच लागते, त्यामुळे जिना आत घेऊन पिन लावल्याविना ट्रक हलत नाही.

पुढच्या फेरीत त्या आजी आल्या. कठडा धरून, दुसऱ्या पायरीवर क्षणभर थांबून, स्वतःच्या पायांनी आत शिरल्या. कपाटांसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि आम्ही पुढे केलेले पुस्तक बाजूला सारून दुसरेच निवडले. निवडीचा हा हक्क खाली उभे राहून त्यांना मिळाला नसता.