जुने न्हाणीघर आणि बेताचा पैसा

घराची डागडुजी करावयास निघालेला गृहस्थ सामान्यतः दिवाणखान्यापासून आरंभ करतो, आणि न्हाणीघरापाशी येऊन पोहोचतो तो थैली बरीचशी रिकामी झाल्यावर. वास्तविक रोज पाण्याचा मारा सोसणारी, भिंतींच्या पायथ्यात ओल मुरविणारी आणि वृद्धांचे पाय घसरविणारी घरातली जागा हीच. शिवाय उरलेला पैसा या जागेसाठी निघाला, तरी तो प्रथम खर्च होतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवर. चकचकीत फरशा येतात, नवे नळ येतात. आणि दोन पावसाळ्यांनंतर शेजारच्या खोलीच्या भिंतीचा रंग फुगून सुटू लागतो.

झाशी शहरातील जुन्या मराठी घरांत हा प्रकार विशेष पाहावयास मिळतो. १७४२ साली पेशव्यांचा सुभेदार म्हणून नारो शंकर तेथे गेला आणि किल्ल्याखालच्या वस्तीला शहराचे रूप आले. त्याच्या काळात, आणि पुढे नेवाळकरांच्या अमदानीत, कोकणातून व देशावरून अनेक कुटुंबे तेथे जाऊन स्थिरावली. १८५४ साली इंग्रजांनी संस्थान खालसा केले, तरी त्यांतली काही मागे परतली नाहीत. ज्या गणेशमंदिरात १८४२ साली गंगाधरराव व लक्ष्मीबाई यांचा विवाह झाला, ते मंदिर आजही तेथील मराठी मंडळींच्या एकत्र येण्याचे ठिकाण आहे. घराबाहेर हिंदी आणि बुंदेली, घरात मराठी, अशी ही दुहेरी राहणी. म्हणूनच दुरुस्तीला आलेला मिस्त्री ज्याला ‘ढाल’ म्हणतो त्याला घरातली आजी ‘उतार’ म्हणते, आणि तो ज्याला ‘नाली’ म्हणतो तिला ती ‘मोरी’ म्हणते. एक शब्द मात्र दोघांचाही आहे. मोरीच्या तोंडाशी बसवावयाच्या पाणकोंडीला भारतभर बांधकामाच्या परिभाषेत ‘नहाणी ट्रॅप’ असेच नाव आहे. परदेशी शब्दाला देशी शब्द जोडून झालेले हे जोडनाव मराठी, गुजराती, हिंदी अशा तिन्ही कानांना परके वाटत नाही.

थोड्या पैशांत न्हाणीघर सुधारावयाचे, तर विचाराचा आरंभ या पाणकोंडीपासूनच करावा. तिची रचना अगदी साधी आहे. वाहून जाणारे पाणी एका वळणात अडवून ठेवावयाचे, म्हणजे गटारातला दुर्गंधी वायू आणि झुरळे त्या पाण्याला ओलांडून घरात येऊ शकत नाहीत. अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनच्या घड्याळजीने १७७५ साली अशा वाकड्या नळीच्या शौचपात्राचे एकस्व मिळविले. त्यानंतर या क्षेत्रात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण वळणात पाणी अडविण्याच्या या युक्तीची जागा दुसऱ्या कशालाच घेता आलेली नाही. पाणकोंडीत निदान दोन इंच पाणी उभे राहिले पाहिजे. उथळ, स्वस्त कोंडी घेतली तर झाशीच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या घरात गेला असता, चार दिवस बंद असलेल्या न्हाणीघरातील ते पाणी वाळून जाते आणि घरभर दुर्गंधी सुटते. पुष्कळदा त्या वासासाठी नवी गटारवाहिनी घालण्याचा सल्ला मिळतो. वस्तुतः तांब्याभर पाणी ओतल्याने काम भागण्यासारखे असते. कोंडीच्या तोंडावरची जाळी मात्र हाताने उचलता यावी अशीच असावी. सिमेंटमध्ये पक्की बसविलेली जाळी म्हणजे केस आणि साबणाचा मळ यांना दिलेले कायमचे बिऱ्हाड होय.

मोरीची जागा बदलण्याचा मोह टाळावा. पाणी ज्या कोपऱ्यातून आजवर बाहेर गेले त्याच कोपऱ्यातून जाऊ दिले, तर फोडाफोडी, नवी वाहिनी आणि बाहेरील गल्लीतल्या नालीशी नवा सांधा, हे तिन्ही खर्च वाचतात. त्याऐवजी बादली, चौरंग आणि नळ यांची मांडणी त्या कोपऱ्याला अनुसरून करून घ्यावी.

यानंतर जमीन. पाच फुटांत एक इंच, एवढा उतार न्हाणीघराला पुरतो. सहा फूट लांबीच्या न्हाणीघरात एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सव्वा इंचाचा फरक पडतो. तो डोळ्यांना जाणवत नाही, पण पाण्याला जाणवतो. उतार कमी पडला तर कोपऱ्यात पाणी साचते आणि शेवाळ धरते. फाजील झाला तर चौरंग डगमगतो आणि वृद्ध माणसाचा तोल जातो. उताराला जास्तीचा पैसा लागत नाही, लागते ती घरच्या माणसाची उपस्थिती. फरशी बसत असताना एक दोरी, एक पाणसळ आणि तांब्याभर पाणी घेऊन कोणीतरी तेथे उभे राहावे. फरशी बसून सिमेंट घट्ट झाल्यावर काढलेली खोट दुरुस्त करावयाची म्हणजे सारे पुन्हा फोडावयाचे.

फरशीच्या खाली जे असते ते कोणालाच दिसत नाही, आणि खरा पैसा तेथेच घालावा लागतो. जुनी जमीन उकरून खालचा भाग साफ केल्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्यावर पाणी अडविणारा थर देताना तो जमिनीपाशीच न थांबविता चारी भिंतींवर फूटभर वर चढवावा, आणि भिंत व जमीन मिळतात तो काटकोन मसाल्याने गोलसर करून घ्यावा, कारण गळती सुरू होते ती बहुतेक वेळा या काटकोनातून. मग पाणकोंडीचे तोंड ओल्या गोणपाटाने व चिकणमातीने बंद करून दोन-तीन इंच पाणी भरावे, भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढावी आणि दोन दिवस वाट पाहावी. उन्हाने पाणी आटले की जमिनीने प्यायले, अशी शंका येऊ नये म्हणून शेजारी परातीत पाणी ठेवून त्याचीही पातळी मोजावी. दोन्हींकडे सारखीच घट झाली तर जमीन निर्दोष समजावी. ही परीक्षा घेण्याचा मिस्त्रीला कंटाळा असतो, कारण त्याचे दोन दिवस मोकळे जातात. त्या दोन दिवसांची मजुरी द्यावी लागली तरी ती द्यावी.

जुन्या घराच्या बाबतीत भिंतीचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. पोर्टलँड सिमेंटचे एकस्व इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली घेतले. भारतात पोरबंदर येथे सिमेंटचा कारखाना चालू झाला तो १९१४ साली. त्याआधी उभी राहिलेली भिंत बहुधा चुन्याची असणार. चुन्याची भिंत श्वास घेते असे जुने गवंडी म्हणत, ते अलंकारिक नाही. जमिनीतून वर चढलेली ओल ती आपल्या पृष्ठभागावाटे हवेत सोडून देते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला, किंवा छतापर्यंत फरशा चिकटविल्या, की तो मार्ग बंद होतो. ओल आतल्या आत वर सरकते आणि जेथे फरशी संपते तेथे, नाहीतर भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, देवघरात किंवा कोठीच्या खोलीत, बाहेर पडते. पाण्याबरोबर आलेले क्षार तेथे पांढरे फुलून येतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. लोणा खरवडून वर पुन्हा सिमेंट लावणे हा उपाय नव्हे. तो रोगाला आणखी एक पांघरूण घालणे आहे.

येथे काटकसर आणि शहाणपण सुदैवाने एकाच बाजूला आहेत. पाच फूट रुंद, सहा फूट लांब अशा न्हाणीघराचा हिशेब करून पाहावा. सात फुटांपर्यंत फरशी लावली तर दार वगळून सुमारे १३८ चौरस फूट भरते. तीन फुटांपर्यंतच लावली तर ५८ चौरस फूट. बसून, बादलीने स्नान करणाऱ्या घरात तीन फुटांवर पाणी फारसे उडतच नाही. ओल आतून चढत असलेल्या भिंतीवर तर तेवढीही न लावता, जेथे पाण्याचा प्रत्यक्ष मारा आहे ती एकच बाजू फरशीने झाकावी आणि बाकीच्या भिंतींना चुना, सुरखी व वाळू यांचा गिलावा द्यावा. सुरखी म्हणजे विटांची बारीक पूड. चुन्याशी तिचा संयोग झाला की तो मसाला पाण्याखालीही घट्ट होतो. रोमन लोकांनी ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून बंदरे बांधली, त्यामागचे तत्त्वही हेच. जुने कारागीर त्यात गूळ, बेलफळाचे पाणी असे पदार्थ घालीत. आज तेवढा सोस नसला तरी चुना चांगला भिजवून मुरविलेला असावा, एवढे पथ्य सोडू नये.

पायाखालच्या दगडाची निवड करताना बाजारात जे भपकेबाज दिसते ते बाजूला ठेवावे. झाशीच्या दक्षिणेला ललितपूरचा वाळूचा दगड निघतो, राजस्थानातून कोटा दगड येतो. ललितपूरचा दगड खरबरीत, ओल्या पायाला धरून ठेवणारा. कोटा दगड टिकाऊ आणि स्वस्त खरा, पण घोटून गुळगुळीत केलेला घेतला तर साबणाच्या पाण्यात तो निसरडा होतो. न घोटलेला घ्यावा. हा दगड चुनखडकाच्या जातीचा असल्यामुळे तेजाबाने धुतला की त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो, आणि सांध्यांतले सिमेंटही त्याबरोबर जाते. पैसा अगदीच तोकडा असेल तर सिमेंटची साधी घोटलेली जमीनसुद्धा चांगली, मात्र मसाल्याला कस पाहिजे. बेतवा व केन या नद्यांची जाड तांबूस वाळू, जिला त्या मुलखात मौरंग म्हणतात, ती काँक्रीटला उत्तम. गिलाव्याला बारीक, धुतलेली वाळू लागते. या दोहोंची अदलाबदल झाली की भिंतीला भेगा पडतात.

पाण्याविषयी झाशीला उधळपट्टी परवडण्यासारखी नाही. शहराच्या खाली बुंदेलखंडचा कठीण ग्रॅनाइट खडक आहे. पावसाचे पाणी त्यात फार खोल मुरत नाही, म्हणून विहिरी उन्हाळ्यात तळ दाखवितात. १९५८ साली पूर्ण झालेल्या बेतवेवरील माताटीला धरणाचा आधार मोठा, तरी जपून वापरण्याची सवय त्या शहराला सुटलेली नाही. भारतीय मानकात शहरी माणसाला दिवसाकाठी धरलेल्या १३५ लिटरांपैकी ५५ लिटर एकट्या स्नानासाठी आहेत. बादलीने स्नान करणाऱ्याचे पंधरा-वीस लिटरांत भागते. तुषारस्नानाचा झारा मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो. तेव्हा पैसा कमी असताना झारा गाळला तर मनाला हळहळ वाटण्याचे कारण नाही. मोरीचे पाणी अळवाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडण्याची कोकणातली रीत चौक असलेल्या घरात आजही चालू शकते. त्यासाठी लागते ती एक उघडी पन्हळ.

नळ, आरसा, खुंट्या यांविषयी सांगण्यासारखे थोडे. नळ चांगला घ्यावा, बाकीचे पुढे केव्हाही करता येते. जुन्या लोखंडी नळ्या आतून गंजून अरुंद झाल्या असतील तर त्या मात्र आताच बदलाव्या, आणि शक्य तर भिंतीच्या बाहेरून न्याव्या. दिसायला बऱ्या नाहीत, पण गळती लागली तर भिंत फोडावी लागत नाही. मावळतीच्या भिंतीवरून नेलेल्या नळीतून मे महिन्यात संध्याकाळी जे पाणी येते ते पोळते, हेही ध्यानात असावे.

एका ठिकाणी काटकसर जिवावर बेतते. बुंदेलखंडातील थंडीत ऊन पाणी हवेच. पूर्वी तांब्याचा बंब चौकात पेटे, त्यामुळे धूर आणि विषारी वायू आकाशात जाई. आता त्याच्या जागी गॅसवर चालणारा छोटा तापक बंद न्हाणीघराच्या आत बसविला जातो, आणि थंडी लागू नये म्हणून झरोकाही बुजविला जातो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो, आणि आत स्नान करणाराला गुंगी येऊन दार उघडण्याचे भानही राहत नाही. दरवर्षी हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या वार्ता उत्तर हिंदुस्थानातून येतात. हा तापक न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत यावी ती केवळ ऊन पाण्याची नळी. विजेचा तापक असेल तर जमिनीशी जोडलेली तार पक्की असावी, आणि वीज गळताक्षणी प्रवाह तोडणारे, तीस मिलीॲम्पियरचे साधन बसवून घ्यावे. नव्या फरशांपैकी थोड्या कमी केल्या तर त्याची किंमत निघते.

हे काम काढावे कधी? झाशीच्या उन्हाळ्यात सिमेंटवर पाणी मारून मारून हात थकतात, आणि तरीही ते कच्चे वाळते. पावसाळ्यात उघडी केलेली भिंत सुकत नाही. पितृपक्षात नव्या कामाला हात घालण्यास घरातली वडील माणसे राजी नसतात. उरतो दसरा. दसऱ्यापासून नरकचतुर्दशीपर्यंत अठरा-एकोणीस दिवस मिळतात. फोडणे आणि पाणकोंडी बसविणे यांत चार, कोबा व त्यावरचा थर यांत चार, पाणी भरून परीक्षा घेण्यात दोन, फरशी बसविण्यात दोन, आणि नंतर सात दिवस ती ओली ठेवण्यात. अभ्यंगस्नानाच्या पहाटेपर्यंत गणित काठावर जमते. त्या दिवसांत घरातल्या पुरुषांनी चौकात स्नान करावे आणि बायकांसाठी विहिरीजवळ तट्ट्यांचा आडोसा करावा लागतो. चुन्याचा गिलावा मात्र या हिशेबात बसत नाही, कारण त्याला मुरावयास कितीतरी अधिक काळ लागतो. तो दिवाळीनंतर सावकाश करावा. वरची भिंत तोवर उघडी राहिली तरी चालते.